पाव किलोची जबाबदारी

सरकारी नोकरीत वीस वर्षे काढलेला मनुष्य आकाशवाणीवर बोलायला बसला म्हणजे तो एखाद्या योजनेविषयी, नियमाविषयी किंवा फार तर दौऱ्यावर असताना पाहिलेल्या एखाद्या जुन्या देवळाविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. मी आज ह्यांपैकी कशाविषयीही बोलणार नाही. माझ्या घरी आलेल्या, पाव किलो वजनाच्या एका प्राण्याविषयी मला बोलायचे आहे. त्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली. ती दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ नये, एवढाच ह्या भाषणाचा हेतू.

हा प्राणी म्हणजे गिनीपिग. आपल्यापैकी बहुतेकांनी हा शब्द ऐकलेला असतो तो 'प्रयोगाचा प्राणी' ह्या अर्थाने. एखादा नवा नियम प्रथम आपल्याच खात्यावर लागू झाला, की आम्ही कचेरीतली माणसेही 'आपल्याला गिनीपिग केले' असे म्हणतो. पण हा प्राणी प्रत्यक्षात कसा असतो, काय खातो, कशाने सुखावतो आणि कशाने मरतो, ह्याचा विचार मी वयाची चाळिशी उलटेपर्यंत कधी केला नव्हता.

दिल्लीतील आमच्या सरकारी घरात आम्ही चौघे राहतो : मी, माझी पत्नी, सातवीत शिकणारी मुलगी आणि साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आलेली माझी आई. एका वर्षी दिवाळीनंतर मुलीने हट्ट धरला आणि आम्ही बाजारातून गिनीपिगाचे एक पिल्लू आणले. महिना-सव्वा महिन्याचे असेल. पांढऱ्या अंगावर बेसनाच्या रंगाचे ठिपके होते, म्हणून मुलीने त्याचे नाव ठेवले लाडू. दुकानदाराला मी विचारले, "ह्याला खायला काय द्यायचे?" तो म्हणाला, "सशासारखे ठेवा, साहेब. पोळी, चणे, काहीही खाते." एवढ्या माहितीवर आम्ही निश्चिंतपणे घरी आलो.

त्यानंतर लाडूचे जे कोडकौतुक झाले, ते आठवले की आजही मन खिन्न होते. आई त्याच्यासाठी पोळी दुधात कुसकरून ठेवी. पत्नी भिजवलेले हरभरे देई. मुलगी आपल्या डब्यातले बिस्किट वाचवून आणी. मी संध्याकाळी घरी आलो, की शेंगदाण्याचे दोन दाणे त्याच्यापुढे धरी आणि तो ते घेई, ह्याचे मला फार कौतुक वाटे. अधूनमधून गाजराचा तुकडाही मिळे. कोणाच्याही प्रेमात काडीचीही उणीव नव्हती.

तीन-चार आठवड्यांनी तो मंदावला. केस विस्कटलेले दिसू लागले. पूर्वी पावलांची चाहूल लागताच शीळ घालणारा हा जीव खोक्याच्या कोपऱ्यात बसून राहू लागला. डिसेंबरचा महिना होता. थंडी बाधली असेल असे समजून आम्ही त्याला लोकरीच्या तुकड्यात गुंडाळले. उचलून घेतले की तो किंचाळे. तो रुसला आहे असे मुलीला वाटे. शेवटी आम्ही त्याला पशुवैद्याकडे नेले. त्यांनी त्याच्या मागच्या पायांच्या सांध्यांना हलकेच बोट लावले, तसा तो ओरडला. ओठ वर करून त्यांनी हिरड्या पाहिल्या आणि विचारले, "हिरवे काय देता?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले.

त्याला स्कर्व्ही झाली होती. 'क' जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा, जुन्या काळी खलाशांना होत असे तोच हा रोग. वैद्यांनी औषध दिले, पण फार उशीर झाला होता. दुसऱ्या रात्री लाडू गेला. मुलगी रडली नाही. सकाळी शाळेला निघताना तिने मला फक्त एवढेच विचारले, "बाबा, तुम्ही तर सगळे वाचून करता. ह्याच्याबद्दल काही वाचले होते का?"

मी एम. ए. झालेला मनुष्य. घरात पुस्तकांची दोन कपाटे. कचेरीत कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करायची नाही, असा माझा लौकिक. आणि ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मग मी वाचायला बसलो. जे आधी करायचे ते नंतर केले. परंतु त्या वाचनातून जे हाती आले, ते आपल्यापुढे ठेवण्यासारखे आहे.

प्रथम त्याच्या नावाविषयी. हा प्राणी गिनी देशाचा नव्हे आणि डुकराच्या जातीचाही नव्हे. तो उंदीर-खारींच्या, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातला. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरात, आजच्या पेरू, बोलिव्हिया ह्या देशांच्या बाजूला. तेथील लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळवले, तेही खाण्यासाठी. आणि आजही तेथे तो खाल्ला जातो. सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला आणि तेथे श्रीमंतांच्या घरचे खेळणे झाला. फ्रेंच आणि पोर्तुगीज भाषांत त्याला चक्क 'हिंदचे डुक्कर' म्हणतात. हे हिंद आपले नव्हे, कोलंबसाचे! माझ्या आईला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "अरे, नाव काहीही असो, हे उंदीरमामाचेच भावंड." आईचे म्हणणे अगदीच चूक नव्हते, कारण १७५८ साली लिनीअस ह्या शास्त्रज्ञाने त्याची नोंद केली ती उंदरांच्याच यादीत.

आता 'क' जीवनसत्त्वाची हकीकत. बहुतेक प्राण्यांच्या शरीरात हे जीवनसत्त्व आपोआप तयार होते. कुत्रा, मांजर, गाय, ससा, उंदीर ह्यांना ते बाहेरून मिळवावे लागत नाही. माणसाच्या शरीरात मात्र ते तयार होत नाही, आणि गिनीपिगाच्याही होत नाही. ते तयार करणारे एक विकर दोघांच्याही शरीरात नाही. ह्या एका उणिवेच्या बाबतीत आपण आणि हा चिमुकला प्राणी सख्खे भाऊ आहोत.

ही गोष्ट उघडकीस आली ती योगायोगाने. नॉर्वेमध्ये होल्स्ट आणि फ्रोलिख नावाचे दोन संशोधक जहाजांवरील खलाशांना होणाऱ्या एका रोगाचा अभ्यास करीत होते. त्यांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवले. अपेक्षित रोग झालाच नाही. त्याऐवजी हिरड्या सुजल्या, सांध्यांत रक्त साकळले, म्हणजेच स्कर्व्ही झाली. त्यांना कोबीसारखा ताजा भाजीपाला दिला की ती होत नसे. १९०७ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी गिनीपिगांऐवजी उंदीर घेतले असते, तर काहीच दिसले नसते. पुढे हंगेरीचे सेंट-ग्यॉर्गी ह्यांनी वेगळे काढलेले द्रव्य हेच 'क' जीवनसत्त्व, हे १९३२ च्या सुमारास सिद्ध झाले, तेही गिनीपिगांवरील प्रयोगांनीच. १९३७ साली सेंट-ग्यॉर्गींना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो. नुसत्या धान्यावर गिनीपिग ठेवला तर काय होते, हे जगाला १९०७ पासून ठाऊक होते. तो प्रयोग मी माझ्या घरात, मोठ्या प्रेमाने, पुन्हा करून पाहिला होता.

पुढच्या वर्षी पाऊस संपत आला असताना मुलीने पुन्हा विषय काढला. ह्या वेळी आम्ही घाई केली नाही. आधी वाचले, पशुवैद्यांना विचारले, जागेची तयारी केली आणि मग दोन सख्ख्या बहिणी आणल्या. एक तपकिरी, तिचे नाव वेलची. दुसरी पिवळसर, ती केशर. त्यांच्या संगोपनात मी जे शिकलो, ते आता क्रमाने सांगतो.

गिनीपिगाचे पिल्लू हे सशाच्या पिल्लासारखे आंधळे व उघडे जन्मत नाही. आईच्या पोटात ते दोन महिन्यांहून अधिक काळ राहते आणि जन्मते तेच डोळे उघडे, अंगावर केस, तोंडात दात अशा तयारीने. पहिल्या एक-दोन दिवसांतच ते आईच्या ताटातले कुरतडू लागते. तरीही पहिले तीन आठवडे त्याला आईचे दूध हवेच. त्याहून लहान पिल्लू दुकानदार देऊ लागला, तर घेऊ नये.

त्याचे मुख्य अन्न म्हणजे गवत. ताजे गवत आणि वाळलेले गवत, दिवसरात्र, हवे तेवढे. भाजी, फळे, तयार गोळ्या हे सगळे गवतानंतर. ह्याला कारणे दोन. एक म्हणजे त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावण्यानेच ते झिजतात. झिजले नाहीत तर ते वेडेवाकडे वाढून त्याला खाणेच अशक्य होते. दुसरे कारण त्याचे आतडे. ते सतत चालते राहावे लागते. आपल्याला एक दिवस उपास घडला तर पुण्य लागते, गिनीपिगाला घडला तर त्याच्या जिवावर बेतते. बारा तासांत त्याने काहीच खाल्ले नाही, तर वैद्यांकडे धाव घ्यावी.

गवताचा प्रश्न आमच्याकडे आईने सोडवला. गणपतीच्या दिवसांत ती दुर्वा निवडत बसली होती. एक जुडी वेलचीपुढे ठेवून ती म्हणाली, "देवाला चालतात, तर त्याच्या वाहनाच्या भावंडाला का नाही चालणार?" आणि खरोखरच चालतात. दुर्वा म्हणजे हराळी. हे गवत गिनीपिगाला मानवते. मात्र ज्या जागी औषध फवारले असेल किंवा कुत्री फिरत असतील, तेथले गवत आणू नये. आणलेले धुऊन घ्यावे. लसूणघासात चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असते. तो वाढत्या पिल्लाला सहा महिन्यांपर्यंत उपयोगी पडतो. पुढे तोच चुना मूत्राशयात खडे करतो, म्हणून मोठेपणी तो बंद करावा.

गवतानंतर 'क' जीवनसत्त्व. वाढत्या पिल्लाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ३० मिलिग्रॅम लागते, मोठ्याला त्याहून कमी पुरते. आकडा ऐकून घाबरू नये. तीनशे ग्रॅमच्या पिल्लाला ढोबळी मिरचीची एक जाडशी फोड रोज दिली, की काम भागते. पेरूतही हे जीवनसत्त्व विपुल आहे. पण पेरू गोड, म्हणून लहानशी फोड आठवड्यातून एकदा-दोनदा. कोथिंबिरीच्या काही काड्या द्याव्यात. पाण्यात औषधाचे थेंब टाकण्याची युक्ती काहीजण सांगतात, तिच्यावर विसंबू नये. पाण्यात हे जीवनसत्त्व लवकर नष्ट होते, आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो, हा तोटा वेगळाच. तयार गोळ्या द्यायच्या तर गिनीपिगांसाठीच केलेल्या आणि नुकत्याच बनवलेल्या द्याव्यात. जुन्या पाकिटातले जीवनसत्त्व उडून गेलेले असते. सशाच्या गोळ्यांत ते घातलेलेच नसते, कारण सशाला त्याची गरज नाही. 'सशासारखे ठेवा' हा सल्ला किती घातक होता, हे आता आपल्या ध्यानी येईल.

काय देऊ नये, तेही सांगतो. पोळी, भात, बिस्किटे, दूध, दही, हरभरे, शेंगदाणे, मिठाई देऊ नये. कांदा, लसूण, बटाटा देऊ नये. ज्या ज्या पदार्थांनी आपण पाहुण्याचे स्वागत करतो, ते बहुतेक सारे पदार्थ ह्या यादीत आहेत.

एक गोष्ट पाहून नवख्या माणसाला किळस येण्याचा संभव आहे. हा प्राणी आपली मऊ लेंडी स्वतःच खातो. त्याला अडवू नये. एकदा पचनात न मिळालेली जीवनसत्त्वे तो दुसऱ्या फेरीत मिळवतो. निसर्गाची ही काटकसर आहे.

आता घराविषयी. तारेच्या जाळीचा तळ असलेला पिंजरा नको. त्याने तळपाय सोलवटतात. दोघींना साधारण चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी सपाट जागा लागते. खाली जुने सुती कापड किंवा कागद अंथरावा आणि ओला भाग रोज बदलावा, कारण मुतारीच्या वासाने त्यांची फुप्फुसे बिघडतात. लपायला पुठ्ठ्याचे एक खोके ठेवावे, त्याला दोन दारे असावीत. हा प्राणी स्वभावतः दुसऱ्यांचे भक्ष्य आहे. घार झेप घेते ती वरून, म्हणून वरून हात घालून त्याला कधी उचलू नये. एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घेऊन, जमिनीवर बसूनच त्याला हाताळावे. चार फुटांवरून पडला तर त्याचा कणा मोडू शकतो.

त्याला एकटे ठेवू नये. लाडूच्या बाबतीत ही आमची दुसरी चूक होती. रानात ते कळपाने राहतात. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून गिनीपिग एकटा ठेवण्यास कायद्यानेच मनाई आहे. मात्र जोडी घेताना दोन्ही माद्याच आहेत, ह्याची वैद्यांकडून खात्री करून घ्यावी. ह्या प्राण्यांत मादी चार-पाच आठवड्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि दुकानदाराचा अंदाज पुष्कळदा चुकतो.

दिल्लीकरांना, नागपूरकरांना आणि मराठवाड्यातील श्रोत्यांना मुद्दाम सांगायचे ते उन्हाळ्याविषयी. अँडीजच्या थंड हवेतला हा जीव. त्याला माणसासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखे धापा टाकून अंग निववताही येत नाही. तीस अंशांच्या वर पारा गेला की त्याला धोका सुरू होतो. आमच्याकडे जूनमध्ये पंचेचाळीस होतात. त्या दिवसांत दोघींचा मुक्काम घरातील सर्वांत थंड खोलीत असतो. खिडकीला वाळ्याचा ओला पडदा, बसायला थंड शहाबादी फरशी आणि शेजारी फडक्यात गुंडाळलेली बर्फाच्या पाण्याची बाटली. मे महिन्यात गच्चीत किंवा बाल्कनीत पिंजरा ठेवणे म्हणजे त्या प्राण्याला भट्टीत ठेवणे होय.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वजन. आजारी असल्याचे हा प्राणी लपवतो. रानात जो दुबळा दिसतो, तोच प्रथम उचलला जातो. त्यामुळे दुखणे दिसू लागते तेव्हा पुष्कळ वेळ गेलेला असतो. कचेरीत लोक माझ्याकडे अर्ज करतात, स्मरणपत्रे पाठवतात, प्रसंगी वरिष्ठांकडेही जातात. ह्या प्राण्याला यातले काहीच करता येत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो तराजू. आमच्याकडे दर रविवारी सकाळी मुलगी दोघींना स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवते आणि मी एका जुन्या नोंदवहीत तारीख व वजन लिहितो. पत्नी ह्या वहीला 'तुमची दुसरी कचेरी' म्हणते.

त्या वहीने एकदा वेलचीचा जीव वाचवला. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी तिचे वजन आठवड्यात चाळीस ग्रॅमनी घटलेले दिसले. ती बाहेरून टवटवीत होती. शीळ घालत होती, खातही होती. पूर्वीचा मी असतो तर 'पाहू पुढच्या रविवारी' म्हणालो असतो. मुलगी म्हणाली, "नको बाबा, आजच जाऊ." वैद्यांनी तपासले तर छातीत नुकताच संसर्ग सुरू झालेला. औषध लिहिताना त्यांनी एक गोष्ट बजावली, ती मी आपल्यालाही सांगतो. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही आपल्या घरातली औषधे ह्या प्राण्याला तोंडावाटे दिली, तर त्याच्या आतड्यातील उपकारक जंतू मरतात आणि तो स्वतःही मरू शकतो. घरच्या डबीतले औषध त्याला कधीही देऊ नये. दहा दिवसांत वेलची बरी झाली. चौथ्या रविवारी वजन पूर्ववत झाले. तो आकडा मुलीने तांबड्या शाईने लिहिला आहे.

ह्या जातीचे आपल्यावर ऋण आहे, हेही जाता जाता नमूद केले पाहिजे. १८९२ साली हाफकिन ह्यांनी पटकीची लस तयार केली ती गिनीपिगांच्या साह्याने. मुंबईत प्लेगने हाहाकार उडवला, तेव्हा हा रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे ठरवण्यासाठी रोगाच्या घरांत पिसवा पकडायला सोडले होते तेही गिनीपिगच. परळच्या ज्या संस्थेला हाफकिन ह्यांचे नाव आहे, तिच्या कीर्तीत ह्या मुक्या जीवांचाही वाटा आहे. त्यांपैकी कोणीही त्यासाठी संमती दिली नव्हती.

गिनीपिग नीट सांभाळला तर पाच ते आठ वर्षे जगतो. मुलगी सातवीत असताना आणलेला प्राणी ती महाविद्यालयात जाईपर्यंत घरात असतो. तेव्हा वाढदिवसाची भेट म्हणून हा प्राणी घेणाऱ्यांनी आधी हा हिशेब करावा. वाटल्यास घेऊ नये. न घेण्यात काही कमीपणा नाही.

आणि घेतलाच, तर सुखही पुष्कळ आहे. शीतकपाटाचे दार उघडल्याचा आवाज झाला की दोघी एका सुरात शीळ घालतात. मन प्रसन्न असले की मक्याची लाही फुटावी तशा जागच्या जागी उडतात. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मी त्यांच्याजवळ बसतो. पूर्वीसारखे शेंगदाणे माझ्या हातात नसतात. कोथिंबिरीच्या दोन काड्या असतात. त्या घेताना वेलची माझ्या बोटाचा वास घेते, क्षणभर थांबते आणि मगच खाते. त्या थांबण्याच्या क्षणी मला दर वेळी लाडूची आठवण होते. तोही असाच विश्वासाने माझ्या हातातले खात होता.